मखमलवाला, घाटवाला आणि नाना

नानांना त्यांच्या बायकोचं बोलणं ऐकू येत नसे. दाराची कडी, चिमण्या, कुकरची शिटी, शेजारच्या तान्ह्या बाळाचं रडणं, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नसे. पण मागच्या खोलीत रेकॉर्ड लागली आणि त्यात टेनर सॅक्सोफोन सुरू झाला, की वाजवणाऱ्याने कुठे दम खाल्ला आणि कुठे एक सूर घशातच ठेवला, हे ते बोट वर करून दाखवत. गल्लीत सगळ्यांना वाटे, म्हातारा ढोंगी आहे. अक्कांनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

डॉक्टरांनी पुढे एकदा समजावून सांगितलं. सगळी नोकरी इंजिनाच्या तोंडाशी उभं राहून झालेली. आधी कोळसा टाकणारा फायरमन, मग मालगाडीचा ड्रायव्हर. त्या गदारोळात कानातली बारीक आवाजांची जागा मेली होती आणि जाड आवाजांची शाबूत राहिली होती. अक्कांचा आवाज सुईसारखा बारीक. टेनर सॅक्सोफोन भारदस्त, पुरुषाने छातीतून बोलावं तसा. म्हणून तो ऐकू येई आणि अक्का ऐकू येत नसत. कारण एवढंच होतं. पण कारण कळल्याने अक्कांचं दुःख काही कमी झालं नाही.

"बठ्ठी नोकरी हाऊ माणूस लाइनवर," त्या मला त्यांच्या अहिराणीत सांगत. "मी म्हने, रिटायर व्हई, घर येई, मंग बोलसूत. आते घर उना, ते त्यासले आयकूच येत नही."

मी तेव्हा जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवावा लागे, मग आम्ही लाइन जोडून देत असू. त्या नोकरीत बाईचा आवाज गोड असावा अशी सगळ्यांची समजूत. माझा आवाज जाड आहे. सर्दी झाल्यासारखा वगैरे नाही, सरळ पुरुषाचा. दोंडाईच्याच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "तू नुसते ओठ हलव." एक्स्चेंजमध्ये लोक मला "साहेब, जरा अर्जंट लावा ना," म्हणत. सोबतच्या मुली हसत. मीही हसत असे. हसले नसते तर दुसरं काय केलं असतं?

नानांची वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं म्हणून मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. अक्कांनी दार उघडलं आणि मला थेट मागच्या खोलीत नेलं. एक उंच, हडकुळा, पांढऱ्या भुवयांचा माणूस लाकडी स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटून बसला होता, बैलाच्या वशिंडावर हात ठेवावा तसा. अक्का कानाशी जाऊन ओरडल्या, "खोली पाहाले पोर उनी शे!" काही उपयोग झाला नाही. मग मीच म्हटलं, "नमस्कार. वरची खोली रिकामी आहे असं ऐकलं."

नानांनी डोळे उघडले. रेकॉर्डवरची सुई उचलली. चालू रेकॉर्डवरून सुई उचललेली अक्कांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

"काय म्हणनी? पुन्हा बोल."

मला वाटलं, हेही थट्टा करणार. मी परत सांगितलं.

"बठ्ठं आयकू उनं!" ते अक्कांकडे वळून म्हणाले, सगळं ऐकू आलं म्हणून. मग माझ्याकडे पाहून, एखाद्याचं कुळ ओळखावं तसे म्हणाले, "बेटा, तुना आवाज टेनर शे."

मला टेनर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हा काहीतरी रोग असावा असं वाटून माझा चेहरा पडला. तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं, तीच रेकॉर्ड पहिल्यापासून लावली आणि तो वाजायला लागल्यावर बोटाने आधी रेकॉर्डकडे आणि मग माझ्या गळ्याकडे दाखवलं. मंद, जाड, थोडा फुंकर मिसळलेला आवाज. कोणी उशीला गाल टेकून बोलत असावं तसा. माझ्या आवाजाला जगात कोणी नातेवाईक आहे, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

हे वेड त्यांना भुसावळला लागलं. नाना फायरमन असताना त्यांचा ड्रायव्हर एक अँग्लो-इंडियन साहेब होता. रेल्वेच्या क्लबात शनिवारी संध्याकाळी नाच असे, बँड असे. साहेब आत नाचे आणि नाना बाहेर खिडकीखाली उभे राहत. दुसऱ्या दिवशी इंजिनावर तोच साहेब कालच्या चाली तोंडाने वाजवी आणि नानांनी त्या ठेक्यावर फावडं चालवायचं. पुढे साहेब कुटुंबाला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. जाताना हँडलचा ग्रामोफोन आणि जुन्या जड, ठिसूळ रेकॉर्ड्सचं एक खोकं नानांना देऊन गेला. अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या त्या रेकॉर्ड्स. तीन-तीन मिनिटांच्या. नानांनी त्या इतक्या वाजवल्या, की काहींच्या रेघा पुसट झाल्या.

त्याच वादकांचं तेच वादन आता परदेशी कंपन्या नव्याने काढायला लागल्या होत्या. लांब तबकड्यांवर, एका बाजूला सात-आठ तुकडे, मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात माहिती. नानांना वर्षातून ठराविक वेळा रेल्वेचा फुकट पास मिळे. तो घेऊन ते मुंबईला जात, एका ओळखीच्या दुकानात दिवसभर बसत आणि दोन तबकड्या छातीशी धरून परत येत. बायकोला साडी आणली नाही म्हणून गल्लीतल्या बायका नावं ठेवत. अक्का म्हणत, "साडी आणतीन ते रंग कोणता आणतीन, देव जाणे. भोंगा आणू द्या."

नव्या तबकड्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असे, की जुनी खरखर काढून टाकली आहे. मी ते वाचून दाखवलं तेव्हा नाना गोंधळले. "कोणती खरखर?" ती बारीक खरखर त्यांना कधी ऐकूच आली नव्हती. इतकी वर्षं त्यांच्यापुरत्या त्या रेकॉर्ड्स स्वच्छच होत्या.

मग नव्या कशाला घेत होते? तर जुन्या रेकॉर्डवर वादकांची नावं नसत, फक्त बँडच्या मालकाचं असे. नव्यांवर कोण, कधी, कोणाबरोबर वाजवतोय ते सगळं छापलेलं असे, आणि ते मी त्यांना वाचून दाखवावं हा आमचा ठराव झाला होता. माझं इंग्रजी बी.ए.चं, त्यांचं रेल्वेचं. गंमत अशी, की नावं वाचून झाली की ते म्हणत, "बरं शे. आते नाव ठी दे बाजूले." त्यांनी त्या माणसांना आपली नावं ठेवलेली होती. सावकाश, फुंकर घालत वाजवणारा तो मखमलवाला. दणकट, डोंगर चढल्यासारखा वाजवणारा घाटवाला. त्याला कसारा घाटात जोडतात तशी मागून दोन इंजिनं जोडली आहेत असं ते म्हणत. आणि नंतरच्या काळातला एक, जो अतिशय वेगात एका सुरावरून भलत्याच सुरावर उडी मारी, तो सांधेवाला. कारण तो धावत्या गाडीखाली सांधे बदलून रूळच बदलतो आणि तरी गाडी घसरत नाही.

या संगीताचा ठेका मला आधी कळेना. नानांनी टेबलावर बोटांनी दाखवला. "रुळना जोडवरथून गाडी जास ना? खड, खडखड. खड, खडखड. टाइमवरच शे. पण जराशी मांगे रेलीसन बठेल शे. घाई नही तिले." तेव्हापासून मी गाडीत बसले की मला तेच ऐकू येतं.

त्यांची एक वही होती. ड्रायव्हरकडे असते तसं खिशातलं घड्याळ समोर ठेवून ते प्रत्येक वादकाची वेळ त्यात लिहीत. मखमलवाला आला एक मिनिट बारा सेकंदांनी, गेला दोन मिनिटं चार सेकंदांनी. शेवटी शेरा. "वेळेत." "दोन ठिकाणी ब्रेक, कारण माहीत नाही." "उत्तम. पुन्हा होणे नाही." टेनर चालू असताना खोलीत कोणी बोलायचं नाही. तो थांबून तुतारीसारखं दुसरं वाद्य आलं, की नाना हात खाली सोडत आणि म्हणत, "बोला आते, सिग्नल भेटना," म्हणजे मिळाला. तेवढ्या अर्ध्या मिनिटात गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब आणि भाचीच्या लग्नाची तिथी, सगळं उरकावं लागे.

आणि ते उरकायचं माझ्यामार्फत. मी ऑपरेटर, तेव्हा लाइन जोडणं हे माझं कामच होतं. ड्यूटी सकाळची असली की दुपारी मी खाली येई. अक्का दारात गहू निवडत बसत आणि मला सांगत. मी ते माझ्या आवाजात नानांना सांगे. सुरुवातीला किरकोळ असायचं. पंखा दुरुस्त करायचा आहे, जामनेरहून भाऊ येणार आहे, भाकरी गरम आहे तोवर उठा. हळूहळू अक्का धीट झाल्या. एकदा म्हणाल्या, "त्यासले ईचार, मना हातनी कळणानी भाकर त्यासले आवडस का? कधी म्हणनातच नहीत." मी विचारलं, ती ज्वारी-उडदाची भाकरी आवडते का म्हणून. नाना चकित झाले. "आवडस म्हणजे? डबामा तीच राहे रोज." अक्का पुन्हा गव्हाकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी गहू दोनदा निवडला.

आता मला पाहायला आलेल्या स्थळाची गोष्ट सांगते. ती सांगायला अजूनही थोडं जड जातं.

मुलगा चाळीसगावचा, दुकानदाराचा. माझी आई आणि मामा दोंडाईच्याहून आले आणि कार्यक्रम नानांच्या पुढच्या खोलीत ठरला, कारण माझ्या खोलीत चार माणसं मावत नव्हती. आईने मला आदल्या दिवशी बजावलं होतं: कमी बोल आणि बोलशील ते बारीक आवाजात. याआधी दोन स्थळं माझ्या आवाजावरून मोडली होती. मी आरशासमोर बारीक आवाज काढून पाहिला होता. जमत होता. घसा दुखत होता, पण जमत होता.

पाहुणे बसले. नाना घरचे वडीलधारे म्हणून स्वच्छ धोतर नेसून खुर्चीत. मुलाच्या आईने शिक्षण विचारलं. मी बारीक आवाजात सांगितलं. नोकरीचं विचारलं. सांगितलं. नाना माझ्या ओठांकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. ते पुढे झुकले.

"बेटा, काय व्हयनं तुले? आवाज काब्र निघी नही राहिना?"

मी मान खाली घातली. ते उठून माझ्याजवळ आले. घाबरलेच होते. "पाणी दे वो हिले कोणी! हिना आवाज गया! सकाळी ते चांगली बोले, माणूससारखा दणकट आवाज शे हिना, बठ्ठा घरले आयकू येस!"

मग मुलाच्या आईने गोड हसून मला सांगितलं, "बाई, जरा तुझ्या आवाजात बोल ना." मी बोललो. म्हणजे बोलले. आवाज असा निघाला, की मला स्वतःलाच क्षणभर पुरुष असल्यासारखं वाटलं. पोहे अर्धे टाकून मंडळी चाळीसगावच्या गाडीला गेली.

आई रडली. मी रडले नाही. मी वर गेले आणि नानांशी बोलणं बंद केलं. जिना बाहेरून होता, त्यामुळे ते सोपं गेलं. खाली रेकॉर्ड वाजेनाशी झाली. अक्का एक-दोनदा वर आल्या, भाजी ठेवून गेल्या. तीन आठवडे असे गेले.

मग एक्स्चेंजमध्ये एक नवीच भानगड सुरू झाली. मुली सांगायला लागल्या, की कोणी म्हातारा बुकिंगच्या नंबरवर फोन करतो, ऑपरेटर "नंबर सांगा" म्हणाली की थोडा वेळ थांबतो आणि "तू नही वो माय" म्हणून ठेवून देतो. दिवसातून पाच-सहा वेळा. सुपरवायझर चिडले होते. तक्रार करावी का, अशी चर्चा चालली होती. मी कानावर हेडफोन चढवला आणि टेबलावरचा त्या नंबरचा दिवा लागायची वाट पाहत बसले. दुपारी दोनच्या सुमाराला लागला.

"जळगाव ट्रंक. नंबर सांगा."

पलीकडे स्टेशनची गडबड ऐकू येत होती. मग नानांचा आवाज, अतिशय सरळ आणि मोठा, इंजिनावरून ओरडावं तसा.

"नंबर नको. तूच पाहिजे व्हती."

मी हेडफोन कानावर दाबून धरला.

"मी चुकनू, बेटा. तुना तो बारीक आवाज माले आयकूच उना नही. माले वाटनं, तुनाबी गया. अक्काना गया तसा." मग म्हणाले, "आठे बठ्ठी पोरं बारीक बोलतस. माले काहीच आयकू येत नही. गुरुवारपासून फोन करी राहिनू."

बहिऱ्या माणसाने स्टेशनवरच्या सार्वजनिक फोनपाशी उभं राहून, ऐकू न येणाऱ्या मुलींच्या शांततेतून मला शोधलं होतं. एकेक ऑपरेटर उचलत होती आणि काही ऐकू आलं नाही म्हणजे ती मी नाही, एवढं त्यांना कळत होतं. मी म्हटलं, "नाना, घरी जा. ऊन आहे. मी संध्याकाळी खाली येते."

"आयकू उनं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सुपरवायझरांना मी सांगितलं, की तो म्हातारा माझा नातेवाईक आहे. आता पुन्हा करणार नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नाना मुंबईहून ती तबकडी घेऊन आले. साहेबाने दिलेल्या खोक्यातला त्यांचा सर्वांत आवडता तुकडा मखमलवाल्याचा. वहीत ज्याच्यापुढे "पुन्हा होणे नाही" असा शेरा होता, तोच. तो या तबकडीवर नव्याने काढलेला होता. कव्हर वाचताना मी थांबले.

"नाना, हा दोनदा दिलाय. एक तुमचा, आणि एक त्याच दिवशी आधी वाजवलेला. तो तेव्हा पसंत पडला नाही म्हणून बाजूला ठेवला होता. चाळीसेक वर्षांनी आता पहिल्यांदा छापलाय."

नाना खूश होतील असं मला वाटलं होतं. ते नाराज झाले. "त्या माणूसनी नको म्हणा व्हता ना? मंग कसाले काढना? टाकेल वस्तू लोकसले दाखाडतस?" आठ दिवस त्यांनी तबकडीची ती बाजू लावली नाही. पहिली बाजू वाजवायचे आणि कव्हरात घालून ठेवायचे. आठव्या दिवशी मीच न विचारता दुसरी बाजू लावली आणि सुई शेवटच्या, त्या टाकलेल्या तुकड्यावर ठेवली. अक्का नेहमीसारख्या दारात होत्या.

पियानोचे चार ठोके झाले आणि मखमलवाला आला. जरा लवकर आला. नानांनी घड्याळाकडे पाहिलं. तो नेहमीच्या वाटेने निघाला, मधे अडखळला, एक सूर चुकला, आणि मग काय झालं असेल कोण जाणे, चाल सोडून तो भलतंच, अगदी साधं काहीतरी वाजवायला लागला. कोणी एकट्याने बसून बोलावं तसं. नंतर पुन्हा वाटेवर आला, पण उशीर झाला होता. शेवटी रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या कोणाचं तरी इंग्रजी बोलणं ऐकू आलं, "परत घेऊ," असं काहीसं, आणि तुकडा संपला.

नानांचा तळहात स्पीकरवरून हलला नव्हता. ते म्हणाले, "घाबरना व्हता तो. माले माहीतच नव्हतं."

अक्कांनी मला विचारलं, "हाई काय व्हतं? कोन बोलनं?" मी त्यांना समजावून सांगितलं. की तो माणूस आधी असा वाजवून गेला होता, ते तसंच पडून होतं, आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी बाहेर काढलं.

"इतला वरीसनी?"

"हो."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि आत येऊन नानांच्या समोर, जमिनीवर बसल्या. असं त्या कधी बसत नसत.

"मंग माले बी त्यासले एक सांगणं शे," त्या मला म्हणाल्या. "तू सांग. जसं मी सांगसू तसं."

नाना आणि अक्कांना एक मुलगी होती हे मला तोवर माहीत नव्हतं. चार वर्षांची होऊन गेली. अक्का तेव्हा माहेरी होत्या, पाचोऱ्याच्या अलीकडे, रुळाच्या काठचं गाव. पोरीला ताप आला. नाना सकाळी येऊन पाहून गेले, साधा ताप आहे असं समजून ड्यूटीवर गेले. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पोर शेवटच्या घडीला आपल्याला न भेटता गेली, हे नानांच्या मनात तेव्हापासून होतं. त्यावर घरात एक शब्दही कधी निघाला नव्हता.

अक्का एकेक वाक्य बोलत होत्या आणि मी ते म्हणत होते. माझ्या आवाजात, त्यांच्या शब्दांत.

"त्या दिन संध्याकायले तुमनी मालगाडी गावजोडे गई. तुमी शिटी वाजाडी. रोज वाजाडेत तशी, एक लांब आनि मंग दोन."

नाना माझ्याकडे नाही, अक्कांकडे पाहत होते.

"पोर जागी व्हती. तिनी डोया उघाडात. म्हणनी, मना नानानी गाडी शे." अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पुढचं सांगितलं. "हासनी. मंग गाडी दूर जावालोंग आयकत राहिनी. मंग गई."

तबकडी फिरत होती, सुई शेवटच्या रेघेवर अडकून ठक-ठक करत होती. कोणी उठलं नाही.

नाना म्हणाले, "तू माले सांगं नही कधी."

अक्का थेट त्यांच्याकडे पाहून बोलल्या, मला मधे न घेता. तरी ऐकू जावं म्हणून मी ते पोचवलं. "आधी राग व्हता. मंग राग गया, तवय तुमले आयकू येत नव्हतं."

मी उठून वर गेले. खाली काय झालं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघाले तेव्हा दोघं अंगणात चहा पीत होते, एकाच बाकड्यावर, आणि नाना अक्कांच्या तोंडाकडे पाहून काहीतरी समजून घेण्याचा प्रयत्न करत होते. अक्का सावकाश, शब्द तोडून तोडून बोलत होत्या. निम्मं चुकत असावं. दोघं हसत होते.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. धुळ्याच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरशी. दोन वर्षं आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारत होतो, "बोला धुळे," "लावा जळगाव." त्यांनी मला पाहण्याआधी माझा आवाजच ऐकला होता, आणि पाहिल्यावर म्हणाले, की आवाजावरून मी जरा उंच असेन असं वाटलं होतं. नाना लग्नाला धुळ्यापर्यंत आले. नवऱ्याचा आवाज बारीक. नानांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, तरी अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसले आणि नंतर मला म्हणाले, "माणूस चांगला शे. मधमा बोलत नही."

मी धुळ्याला बदलून गेले. मुलं झाली. हळूहळू लोक बाहेरगावी स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि आमची बुकिंगची टेबलं रिकामी पडत गेली. वर्षातून दोनदा तरी मी जळगावला जाई. नानांकडे कॅसेट प्लेअर आला होता. सांधेवाल्याच्या बऱ्याच जुन्या रेकॉर्ड्स आता कॅसेटवर मिळू लागल्या होत्या, आणि म्हातारपणी त्यांना तोच जास्त आवडायला लागला होता. "तरुणपणी माले वाटे हाऊ उगाच धावस. आते समजनं, त्याले बठ्ठं सांगनं व्हतं आनि टाइम कमी व्हता."

अक्का आधी गेल्या. दोन दिवसांच्या आजाराने, फारसा त्रास न होता. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तेराव्याला पोचले. पाहुणे गेल्यावर दुपारी मी आणि नाना मागच्या खोलीत बसलो. मी विचारलं, काही लावू का? ते नको म्हणाले. त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं, अगदी जवळ.

"बेटा, एक ईचारू का? माले आयकू येत नव्हतं, तवय ती मनाबद्दल काय म्हणे? बठ्ठं सांग."

मी जरा घुटमळले. कारण अक्का जे जे बोलत, ते सगळं मी पोचवत नव्हते. एक्स्चेंजमध्ये शिकलेलं होतं, दोन्हीकडचं बोलणं ऐकायचं आणि भांडण लागेल ते आपल्यापाशी ठेवायचं. अक्कांचं असं बरंच माझ्यापाशी साठलं होतं. मी म्हटलं, "नाना, चांगलंच म्हणायच्या."

"खोटं सांगू नको. तुना आवाजमा खोटं लगेच आयकू येस."

मग मी सांगितलं. की तुम्ही धोतर वाळत घालता ते अंथरूण वाळत घातल्यासारखं घालता. की तुमच्या डोक्यात मेंदूच्या जागी कोळसा आहे. की भोंग्याशी लग्न लागलं असतं तर दोघंही सुखी झाला असतात. की मुंबईला जाऊन दोन काळ्या ताटल्या आणणारा माणूस सगळ्या खानदेशात एकच असेल आणि तो नेमका आपल्या वाट्याला आला.

नाना हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "आजून."

मी आणखी सांगितलं. की तुमच्या घोरण्याला सिग्नल लागत नाही. की तुम्ही पाहुण्यांसमोर जेवताना ताटाकडे असं पाहता, जणू ते इंजिन आहे आणि त्यात पाणी भरायचं राहिलंय.

"आजून."

माझ्यापाशी होतं ते संपत आलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला थांबवेना. मग मी एक आपल्या मनाने जोडून सांगितलं. तुम्ही वही लिहायला बसलात की शाळा सुटलेल्या मास्तरासारखे दिसता, असं अक्का म्हणायच्या, म्हटलं.

नानांचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"हाई अक्कानी नही," ते म्हणाले. "हाई तुनी शे. अक्कानी सांग."